सिझेरियननंतर मंदावलेले पोट आणि अ‍ॅक्युप्रेशर

'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत' हा निरोप आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. प्रसूती सिझेरियनने झाली असेल, तर मात्र पुढचे एक-दोन दिवस प्रसूतिगृहातल्या खोलीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : 'वायू सरला का?' फेरीवर आलेले डॉक्टर तो विचारतात, सिस्टर विचारतात, आई आणि सासूबाईही विचारतात. बाळंतिणीला या प्रश्नाचा संकोच वाटतो. पण त्याच्या उत्तरावर तिचे बरेच काही अवलंबून असते. पोट तट्ट फुगलेले असते, साधा खोकला आला तरी टाक्यांना ओढ बसते, बाळाला पाजण्यासाठी नीट बसता येत नाही आणि भूक लागलेली असूनही पुष्कळ ठिकाणी 'वायू सरल्याशिवाय काही खायचे नाही' असे बजावलेले असते.

बहुतेक जणींच्या बाबतीत ही अवस्था आपोआप निवळते. ती लवकर निवळावी यासाठी मनगट आणि पाय यांवरील ठरावीक बिंदू बोटांनी दाबण्याचा, म्हणजेच अ‍ॅक्युप्रेशरचा, उपाय सुचवला जातो. हा उपाय बिनखर्चाचा आहे, घरच्या माणसालाही करता येतो आणि काळजीपूर्वक केल्यास त्यापासून अपाय होण्याची शक्यता कमी असते. मात्र त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, तो कसा करावा आणि कोणती लक्षणे दिसताच तो बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवावे, या तिन्ही गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात.

प्रश्न किती जणींचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत देशातील सुमारे ९ टक्के बालके सिझेरियनने जन्मल्याचे आढळले होते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हे प्रमाण १७.२ टक्के झाले आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते २१.५ टक्क्यांवर पोहोचले. शहरी भागापुरते पाहिले, तर ते ३२.३ टक्के आहे. महाराष्ट्रात २५.४ टक्के, तर गोव्यात ३९.५ टक्के बालकांचा जन्म या शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद याच पाहणीत आहे. साहजिकच, शस्त्रक्रियेनंतर पोट पूर्ववत होण्याचा प्रश्न आता मोजक्या कुटुंबांचा राहिलेला नाही. तरीही बाळंतपणाविषयीची घरगुती शिकवण प्रामुख्याने नैसर्गिक प्रसूती डोळ्यांसमोर ठेवून घडलेली असल्याने, टाके असलेल्या बाळंतिणीने काय करावे याबाबत घराघरांत गोंधळ आढळतो.

आतडी का मंदावतात?

आतड्यांच्या भिंतींमध्ये स्नायूंचे थर असतात. हे स्नायू क्रमाक्रमाने आकुंचन पावतात आणि त्या लाटेसरशी अन्न, पाणी व वायू पुढे ढकलले जातात. पोटावर शस्त्रक्रिया झाली की ही लाट काही काळ थंडावते. याला आतड्यांचा तात्पुरता संप म्हणता येईल. सर्वसाधारणपणे पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लहान आतडे सर्वांत आधी, म्हणजे साधारण एका दिवसात, कामाला लागते. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठे आतडे मात्र दोन-तीन दिवस घेते. सिझेरियनमध्ये आतड्यांना फारसा हात लावावा लागत नसल्याने हा काळ बहुधा कमी असतो आणि बहुतेक स्त्रियांना पहिल्या एक-दोन दिवसांतच वायू सरू लागतो. शौचाला होण्यास त्याहून थोडा अधिक वेळ लागतो.

या संपाची कारणे एकाहून अधिक आहेत. पोटावर छेद घेतला गेला की शरीराची ताणाला तोंड देणारी मज्जासंस्था जागी होते आणि ती पचनाच्या कामाला लगाम घालते. पोटाच्या आत निर्माण झालेला दाह आतड्यांच्या स्नायूंना शिथिल करतो. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे दिली असतील, तर त्यांचाही परिणाम आतड्यांची गती कमी करण्याकडेच असतो. त्यात गरोदरपणातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने आतड्यांचे स्नायू आधीच सैलावलेले असतात. लोहाच्या गोळ्यांमुळे मलावरोधाची तक्रार आधीपासून असू शकते. भरीला अंथरुणात पडून राहणे, पाणी कमी पिणे आणि टाके उसवतील या भीतीने शौचाचा वेग दाबून ठेवणे, ही कारणेही जोडली जातात.

ही यादी लक्षात घेतली की एक गोष्ट स्पष्ट होते. कारणे अनेक असल्यामुळे उपायही अनेक मिळूनच उपयोगी पडतात. केवळ एक बिंदू दाबून पोट मोकळे होईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे काय?

अ‍ॅक्युप्रेशर ही अ‍ॅक्युपंक्चरची सुईविरहित शाखा मानता येईल. पारंपरिक चिनी वैद्यकाच्या कल्पनेनुसार शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवरील बिंदूंना चालना दिली की संबंधित अवयवाचे काम सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने २००८ मध्ये अशा ३६१ बिंदूंची प्रमाणित स्थाने प्रसिद्ध केली. बिंदूंची जागा ठरवून देणे म्हणजे त्यांचा उपयोग सिद्ध होणे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

या विद्येचा भारतातील इतिहास महाराष्ट्रालाही स्पर्शून जातो. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये चीनमध्येच निधन पावले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि कोलकात्यात त्याचा वापर सुरू केला.

शस्त्रक्रियेनंतर फुगलेले पोट आणि हे बिंदू यांचा संबंध जगासमोर आला तो १९७१ मध्ये. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन चीनच्या दौऱ्यावर असताना पेकिंगमध्ये त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. ती नेहमीसारखी भूल देऊनच झाली. मात्र दुसऱ्या रात्री पोटात वायू धरून ते अस्वस्थ झाले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कोपराजवळ आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया टोचल्या, तसेच पोटाजवळ औषधी वनस्पतीचा शेक दिला. तासाभरात पोटाचा ताण हलका झाल्याचे रेस्टन यांनी २६ जुलै १९७१ च्या अंकात लिहिले. या एका लेखामुळे अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरविषयी कुतूहलाची लाट उसळली. एका रुग्णाचा अनुभव हा पुरावा ठरत नाही; परंतु त्यातूनच पुढे रीतसर चाचण्यांची वाट मोकळी झाली.

संशोधन काय सांगते?

या विषयावरील पुरावा तीन पायऱ्यांवर पाहावा लागतो.

पहिली पायरी मळमळीची. मनगटावरील 'नेग्वान' किंवा 'पी-६' या बिंदूचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो का, हे तपासले. त्यानंतर चाचण्यांची संख्या वाढत गेली. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण होते. खोट्या उपचाराच्या तुलनेत या बिंदूला चालना दिल्याने मळमळ व उलट्या कमी होतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मळमळ कमी झाली की खाणे-पिणे लवकर सुरू होते, आणि खाणे हीच आतड्यांना मिळणारी मोठी चालना असल्याने याचा अप्रत्यक्ष लाभ पोटाला होतो.

दुसरी पायरी आतड्यांच्या गतीची. गुडघ्याखालच्या 'झुसानली' या बिंदूवर सुया आणि सौम्य विद्युत्प्रवाह यांच्या साह्याने केलेले अभ्यास तुलनेने भक्कम आहेत. हाँगकाँगमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १६५ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा उपचार मिळालेल्या रुग्णांना खोट्या उपचाराच्या गटापेक्षा साधारण २२ तास आधी शौचाला झाले. २०२१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या उंदरांवरील संशोधनात मागच्या पायातील विशिष्ट मज्जातंतूंना विजेने चालना दिल्यास मेंदूमार्गे व्हेगस मज्जा आणि अधिवृक्क ग्रंथी कार्यान्वित होऊन दाह कमी होतो, असे दिसून आले. पायावरील बिंदूचा पोटाशी संबंध कसा असू शकतो, याचे एक शरीरशास्त्रीय उत्तर त्यातून मिळते. परंतु सुई आणि वीज यांचे निष्कर्ष बोटाच्या दाबाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बोटांच्या दाबाची. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील एका छोट्या अभ्यासात, पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या नेग्वान, झुसानली आणि सान-यिन-च्याओ या तीन बिंदूंवर प्रत्येकी ३ मिनिटे, दिवसातून दोनदा दाब देण्यात आला आणि पोटाची हालचाल वाढल्याचे आढळले. सिझेरियननंतरही अशाच स्वरूपाचे अभ्यास आशियातील काही देशांत झाले असून वायू काहीसा लवकर सरण्याकडे त्यांचा कल दिसतो. मात्र हे अभ्यास लहान आहेत. दाब देणारी व्यक्ती खरा बिंदू दाबत आहे की खोटा, हे तिला ठाऊक असते. शिवाय मायेने पाय चेपून देण्यानेही बाळंतिणीला बरे वाटते, मनावरचा ताण उतरतो. तो परिणाम बिंदूच्या परिणामापासून वेगळा काढणे अवघड जाते. म्हणून अ‍ॅक्युप्रेशरला 'उपयोगी पडू शकणारा पूरक उपाय' म्हणणे रास्त ठरते. 'खात्रीचा इलाज' म्हणणे रास्त नाही.

कोणते बिंदू?

बिंदू मोजण्याचे माप बाळंतिणीच्याच बोटांचे घ्यावे, दाब देणाऱ्याच्या बोटांचे नव्हे. चार बोटे जुळवून धरल्यावर होणारी रुंदी हे मुख्य माप.

१. झुसानली : गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटे खाली यावे आणि नडगीच्या हाडाच्या कडेपासून एक बोट बाहेरच्या, म्हणजे करंगळीच्या, बाजूला सरकावे. पायाचा पंजा वर उचलला की तेथील स्नायू टणक होऊन बोटाला लागतो. पचनाच्या तक्रारींसाठी पारंपरिक चिनी वैद्यकात या बिंदूला पहिले स्थान आहे. सिझेरियननंतर हाच मुख्य बिंदू समजावा.

२. नेग्वान : तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून तीन बोटे कोपराकडे मोजावीत. मूठ किंचित वळवली की दोन स्नायुरज्जू उठून दिसतात. त्यांच्या मधोमध हा बिंदू असतो. मळमळ होत असल्यास तो विशेष उपयोगी.

३. चिगौ : नेग्वानच्या उलट बाजूला, म्हणजे हात पालथा करून, मनगटाच्या घडीपासून चार बोटे वर, दोन हाडांच्या मधल्या खोबणीत. मलावरोधासाठी हा बिंदू परंपरेने वापरला जातो.

४. सान-यिन-च्याओ : पायाच्या आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडाच्या लगेच मागे. हा बिंदू गरोदरपणात दाबू नये, असा संकेत आहे. प्रसूतीनंतर ती अडचण राहत नाही.

बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांवर असलेला 'थ्येनशू' हा बिंदू मलावरोधासाठी प्रसिद्ध आहे आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या तक्त्यांमध्ये तो हमखास दाखवलेला असतो. सिझेरियननंतर मात्र तो वगळावा. पोटावर नुकताच छेद घेतलेला असताना पोट दाबणे वेदनादायक आणि जखमेला अपायकारक ठरू शकते. हात-पायांवरील बिंदूंची खरी सोय हीच आहे, की जखमेपासून दूर राहून ते दाबता येतात.

दाब कसा द्यावा?

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावे. सिझेरियनच्या वेळी बहुधा पाठीत भूल दिलेली असते आणि त्यामुळे काही तास पाय बधिर असतात. पायांना पूर्ण संवेदना आल्याशिवाय पायांवरील बिंदू दाबू नयेत; कारण दाब जास्त झाला तरी बाळंतिणीला ते कळणार नाही.

बाळंतिणीला उशीला टेकवून बसवावे किंवा गुडघ्यांखाली उशी ठेवून आरामात झोपवावे. दाब देणाऱ्याने हात स्वच्छ धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्यात. अंगठ्याच्या पेराने बिंदूवर हळूहळू दाब वाढवत न्यावा. बोथट, खोलवर जाणवणारा, पण सोसवणारा ठणका जाणवला की दाब योग्य आहे असे समजावे. तीव्र कळ, मुंग्या किंवा झिणझिण्या आल्यास दाब कमी करावा अथवा बोट किंचित सरकवावे. काही सेकंद दाबून सोडणे आणि छोट्या वर्तुळात फिरवणे, असे आलटून-पालटून करावे. प्रत्येक बिंदूला दोन ते तीन मिनिटे पुरेशी होतात. दोन्ही हात-पायांवर मिळून एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दिवसातून दोन किंवा तीन वेळा असे करावे. अधिक जोराने किंवा अधिक वेळ दाबल्याने गुण लवकर येतो, असे नाही; उलट काळे-निळे डाग पडू शकतात.

बाळ झोपलेले असताना, खोलीत पाहुण्यांची वर्दळ नसताना ही वेळ निवडावी. दाब देताना बाळंतिणीने संथ, खोल श्वास घ्यावा. नंतर थोडे कोमट पाणी प्यावे आणि कुणाचा तरी आधार घेऊन खोलीतल्या खोलीत फेरी मारावी. बाजारात मिळणारे टोकेरी रोलर, काटेरी चपला किंवा लाकडी दांड्या या काळात वापरू नयेत. नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीच्या पायांवर सूज असते आणि अशा साधनांनी दाबाचा अंदाज राहत नाही.

कोणी टाळावे?

गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो; सिझेरियननंतर तो आणखी वाढतो. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल, गरम किंवा लालसर लागत असेल, तर पाय दाबू नये व चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा संभव असतो. अशा वेळी तात्काळ डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असलेल्या, रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या किंवा रक्तदाब वाढून अंगावर सूज आलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा उपाय करू नये. हातात सलाइनची सुई असेल, तर त्या हाताचे बिंदू सोडून द्यावेत. त्वचेवर जखम, पुरळ किंवा फुगलेली शीर असेल, तेथेही दाब देऊ नये.

दाबाला जोड कशाची?

अ‍ॅक्युप्रेशरपेक्षा अधिक भरवशाचे चार उपाय आहेत आणि ते अगदी साधे आहेत.

पहिला उपाय खाण्याचा. वायू सरेपर्यंत तोंडातून काही द्यायचे नाही, ही पूर्वापार रीत होती. कॉक्रेनच्या २००२ मधील आढाव्यात, गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर असे अन्न-पाणी रोखून धरण्याला पुराव्याचा आधार सापडला नाही. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्याविषयी काम करणाऱ्या 'इरास सोसायटी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार तर सिझेरियननंतर दोन तासांत नेहमीचा आहार सुरू करता येतो. प्रत्येक स्त्रीची प्रकृती वेगळी असल्याने अंतिम निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. पण 'हिला खायला कधी द्यायचे?' हे घरच्यांनी आपणहून विचारायला हवे. परवानगी मिळताच कोमट पाणी, पेज, मऊ भात आणि मुगाचे वरण, खिचडी असे हलके पदार्थ थोडे थोडे द्यावेत. डिंकाचे व मेथीचे लाडू, आळिवाची खीर हे बाळंतिणीचे पदार्थ वाईट नाहीत. मात्र पोट नियमित साफ होऊ लागल्यावर ते सुरू करणे सोयीचे पडते. पाणी प्यायल्याने टाके पिकतात, हा समज निराधार आहे. बाळाला पाजणाऱ्या आईला पाण्याची गरज उलट वाढलेली असते आणि पाणी तोडले की मल आणखी घट्ट होतो.

दुसरा उपाय चालण्याचा. पायांत बळ आल्यावर, डॉक्टरांच्या अनुमतीने, पहिल्याच दिवशी आधाराने उठून बसावे आणि चार पावले टाकावीत. जखमेवर हलकी उशी धरून उठले की ओढ कमी बसते. चालण्याने आतड्यांना चालना मिळते आणि पायांत गुठळी होण्याचा धोकाही घटतो.

तिसरा उपाय च्युइंग गमचा. ऐकायला तो गमतीदार वाटतो. पण चघळण्यामुळे मेंदूला जेवण सुरू झाल्याचा संदेश मिळतो आणि व्हेगस मज्जेमार्फत आतडी हलू लागतात. कॉक्रेनच्या २०१६ मधील आढाव्यात १७ चाचण्या आणि ३,१४९ स्त्रियांचा समावेश होता. गम चघळणाऱ्या स्त्रियांना सरासरी सात तास आधी वायू सरल्याचे त्यात दिसले. मात्र हा पुरावा फार उच्च दर्जाचा नसल्याचेही आढावाकर्त्यांनी नोंदवले. साखरविरहित गम दिवसातून तीन वेळा, अर्धा तास चघळावा. खाणे लवकर सुरू झाले असेल, तर त्याची फारशी गरज उरत नाही.

चौथा उपाय वेदना योग्य रीतीने शमवण्याचा. दुखते म्हणून स्त्री हलत नाही, हलत नाही म्हणून पोट हलत नाही, असे हे चक्र असते. पॅरासिटॅमॉलसारखी औषधे वेळेवर घेतली, तर आतडी मंदावणाऱ्या तीव्र वेदनाशामकांची गरज कमी पडते. 'औषध दुधात उतरेल' या भीतीने परस्पर गोळ्या बंद करू नयेत. शंका डॉक्टरांना विचारावी.

शौचाची भावना झाली की ती दाबू नये. कमोडवर बसून पायांखाली छोटा पाट ठेवला, तर कुंथावे लागत नाही. इसबगोल किंवा मल सैल करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. एरंडेल किंवा एनिमा मात्र मनाने घेऊ नये. वायू बाहेर पडावा म्हणून पोट चोळणे किंवा श्वास कोंडेल इतका घट्ट पट्टा बांधणे, हेही टाळावे.

केव्हा थांबून राहू नये?

'पोटात वायू धरला आहे' हे शब्द घरोघरी इतके सहज उच्चारले जातात, की त्यामागे दडलेला गंभीर आजार नजरेआड होऊ शकतो. ब्रिटिश शल्यविशारद सर हेनेज ओगिल्वी यांनी १९४८ मध्ये अशा एका अवस्थेचे वर्णन केले, की जीत आतड्यात कोठेही प्रत्यक्ष अडथळा नसताना मोठे आतडे फुगत जाते. ही अवस्था क्वचित आढळते. पण ज्या शस्त्रक्रियांनंतर ती दिसते, त्यांत सिझेरियनचा समावेश आहे. पोटाच्या उजव्या खालच्या भागातील आतड्याचा व्यास १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत वाढला, तर ते फुटण्याचा धोका निर्माण होतो. वेळीच ओळखल्यास औषधाने किंवा दुर्बिणीतून नळी घालून आतड्यातील ताण उतरवता येतो. उशीर झाला तर प्राणावर बेतू शकते.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच बिंदू दाबत बसू नये : पोट ढोलासारखे टणक होत जाणे, फुगवटा कमी होण्याऐवजी तासागणिक वाढणे, पोटातील दुखणे, विशेषतः उजव्या बाजूला खाली, वाढत जाणे, वारंवार उलट्या होणे, त्यातही हिरवट उलटी होणे, ताप येणे, नाडी जलद चालणे, धाप लागणे. वायू अजिबात न सरणे हे तर लक्षण आहेच. परंतु ओगिल्वीने वर्णन केलेल्या अवस्थेत काही रुग्णांना थोडा वायू सरतो किंवा पातळ शौचालाही होते. तेव्हा 'वायू सरला, आता काळजी नाही' असे म्हणून वाढता फुगवटा दुर्लक्षू नये. प्रसूतिगृहातून घरी आल्यावर ही लक्षणे दिसली, तरी सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनने निदान होऊ शकते.

या साऱ्याचा इत्यर्थ असा, की सिझेरियननंतर लवकर खाणे, लवकर चालणे, पुरेसे पाणी आणि वेदनांवर नियंत्रण हा पोट पूर्ववत होण्याचा मुख्य मार्ग आहे. अ‍ॅक्युप्रेशर त्याच्या जोडीला घ्यावे. गुडघ्याखालचा आणि मनगटावरचा बिंदू दिवसातून दोन-तीनदा दाबल्याने वायू काही तास लवकर सरला, तर उत्तमच. तसे झाले नाही, तरी त्या पंधरा मिनिटांत बाळंतिणीच्या उशाशी कुणीतरी बसलेले असते आणि तिला काय दुखते आहे, पोट सकाळपेक्षा अधिक फुगले आहे का, हे शांतपणे विचारते. धोक्याचे लक्षण वेळेवर ओळखले जाण्यासाठी या चौकशीचाही उपयोग होतो.